पैसे घाणीच्या वजनानं द्या, मत मात्र गावागणिक ठेवा : इंद्रायणीकाठच्या कारभाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. महापौर, पिंपरी चिंचवड महानगरपालिका;
मा. नगराध्यक्ष, लोणावळा, तळेगाव दाभाडे आणि आळंदी नगरपरिषदा, तसंच वडगाव आणि देहू नगरपंचायती;
मा. महानगर आयुक्त, पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण.

विषय : इंद्रायणीच्या खर्चाची वाटणी आणि त्या खर्चावर मत कुणाचं, याबाबत.

स.न.वि.वि.

मी नगरपरिषदांच्या लेखा विभागात एकतीस वर्षं काढली. आता निवृत्त होऊन आळंदीत राहतो, घरापासून घाट चालत सात मिनिटांवर. नदीच्या पावित्र्यावर बोलायचा अधिकार माझ्यापेक्षा कितीतरी थोर माणसांना आहे आणि ते बोलतातही. मला जमाखर्च कळतो, म्हणून या पत्रात तेवढंच आहे.

कार्तिकी जवळ आली की दरवर्षी तेच होतं. नदीवर फेस येतो, कुणीतरी मोबाइलवर टिपतो, वर्तमानपत्रात फोटो येतो आणि पत्रव्यवहार सुरू होतो. महापालिका म्हणते, फेस वरून येतो, आमच्या हद्दीत यायच्या आधीच पाणी खराब असतं. वरची गावं म्हणतात, आमचं सांडपाणी ते किती आणि त्यांचं किती! प्राधिकरण म्हणतं, आराखडा तयार होतोय. आळंदी म्हणते, आम्ही सगळ्यांच्या खाली, आम्ही काय करणार? चारही उत्तरं खरी आहेत आणि अडचण नेमकी तिथंच आहे. कुणी खोटं बोलत असता तर त्याला पकडता आलं असतं.

नकाशा आपल्याला माहीत आहे, तरी एकदा हिशोबाच्या नजरेनं बघा. कुरवंड्याजवळ उगम, मग लोणावळा, खाली मावळातली गावं, वडगाव, तळेगाव, देहू. पुढं उजव्या काठाला तळवडे, चिखली, मोशी, डुडुळगाव, चऱ्होली, हा सगळा महापालिकेचा. डाव्या काठाला निघोजे, कुरुळी, चिंबळी, केळगाव, या ग्रामपंचायती आणि त्यांच्यावर प्राधिकरण. मग आळंदी, आणि शेवटी तुळापूरला भीमा. सुमारे १०३ किलोमीटरची ही नदी. कित्येक ठिकाणी तिचा एक काठ एका संस्थेचा तर दुसरा दुसऱ्या संस्थेचा. एका काठावर शुद्धीकरण केंद्र उभारायचं आणि समोरच्या काठानं नाला तसाच सोडायचा, यात कुणाचाच कायदा मोडत नाही असं प्रत्येक जण कागदावर दाखवू शकतो.

यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. आंद्रा धरणातून सोडलेलं पाणी महापालिका निघोज्याच्या बंधाऱ्यावर याच नदीतून उचलते आणि चिखलीच्या केंद्रात शुद्ध करून शहराला पाजते. मंजूर कोटा १०० एमएलडीचा, म्हणजे रोज दहा कोटी लिटर (एक एमएलडी म्हणजे रोजचे दहा लाख लिटर). निघोजे देहूच्या खाली आहे. त्यामुळं तळेगाव-देहूनं जे सोडलं ते पिंपरी चिंचवडच्या जॅकवेलच्या, म्हणजे पाणी उचलायच्या विहिरीच्या, तोंडाशी येतं, आणि पिंपरी चिंचवडनं जे सोडलं ते आळंदीच्या घाटाशी. महापालिका निघोज्याला खालचं गाव असते आणि चऱ्होलीला वरचं. एकाच संस्थेनं सकाळी तक्रारदार व्हायचं आणि दुपारी आरोपी! ज्याला दोन्ही बाजूंची झळ कळते त्याच्याइतका चांगला भागीदार मिळणार नाही. म्हणून हे पत्र पहिल्यांदा महापौरांना.

आळंदीची गंमत तर वेगळीच. नदीकाठी राहून आम्ही भामा आसखेड धरणाचं पाणी पितो. घाटावर उभं राहून तिकडच्या पाण्याची वाट बघतो.

आता पैशाकडे येतो.

नदीचा खर्च म्हटलं की आपल्याला केंद्र दिसतं, भूमिपूजन दिसतं, कोटीचा आकडा दिसतो. त्या पैशाची वाटणी वरूनच ठरून येते. शेजारच्या मुळा-मुठेचं घ्या. पुण्याच्या सुमारे ९९० कोटींच्या प्रकल्पाला जपानच्या कर्जातून २०१६ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा ८५ टक्के केंद्राचे आणि १५ टक्के महापालिकेचे असं ठरलं. शहरांच्या पाणी-सांडपाण्यासाठीच्या केंद्राच्या अमृत २.० योजनेतही तसंच ठरलं : लाखाच्या आतल्या गावाला केंद्राकडून प्रकल्पाच्या निम्मे, एक ते दहा लाखांच्या शहराला एक तृतीयांश, दहा लाखांच्या वरच्याला पाव. ज्याची ऐपत कमी त्याला मदत जास्त, हे तत्त्व दिल्लीनंही मान्य केलंय.

पण हा झाला भांडवली खर्च. नदी आजारी पडते ती देखभालीच्या खर्चात.

मी नोकरीत असताना एका छोट्या नगरपरिषदेत (गावाचं नाव लिहीत नाही, तिथले लोक अजून मला चहाला बोलावतात) अनुदानातून मैलाशुद्धीकरण केंद्र उभं राहिलं. उद्घाटनाला मांडव, फेटे, सगळं झालं. पहिल्या वर्षाचं वीजबिल आलं तेव्हा अंदाजपत्रकात त्या हेडखाली तरतूदच निघाली नाही. आम्ही दिवाबत्तीच्या हेडमधून पुनर्विनियोजन केलं. दुसऱ्या वर्षी रस्त्यावरचे दिवे लागेनात म्हणून सभागृहात गोंधळ झाला, तेव्हा केंद्राचं बिल मागं राहिलं. तिसऱ्या वर्षी ब्लोअरची, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडणाऱ्या यंत्राची, मोटर जळाली. ती दुरुस्त करायचा ठराव तीन सभा तहकूब झाला. दरम्यान ऑपरेटरनं आपल्या अकलेनं मार्ग काढला आणि बायपासचा वॉल्व उघडून ठेवला. मैलापाणी केंद्रात शिरायचं आणि आलं तसंच नाल्यात जायचं. कागदावर केंद्र चालू होतं, कारण पाणी आत येताना मोजलं जात होतं आणि बाहेर पडताना मोजायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्या ठरावाच्या टिपणीवर माझी सही आहे. खालच्या गावातल्या कुणाला तेव्हा त्या सभेत बसायची मुभा असती, तर ठराव तिसऱ्यांदा तहकूब झाला नसता असं मला आजही वाटतं.

तेव्हा वाटणी करायची ती मुख्यतः देखभालीची : वीज, माणसं, गाळ, दुरुस्ती, तपासणी. ती कशाच्या प्रमाणात?

सगळ्यात सोपं म्हणजे लोकसंख्येच्या. माणशी १३५ लिटर पाणी द्यायचं आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी म्हणून परत येतं असं धरायचं, हा आपल्या अभियंत्यांचा ठरलेला ठोकताळा. माणशी १०८ लिटर. जनगणना अजून २०११ चीच हाताशी, तिच्याप्रमाणं लोणावळा साडेसत्तावन्न हजार, म्हणजे सहा एमएलडी. तळेगाव साडेछप्पन्न हजार, तेही सहा. आळंदी तीस हजारांच्या आत, तीन. पिंपरी चिंचवड सव्वासतरा लाख, पण त्यातलं पुष्कळसं पाणी पवना आणि मुळेकडे जातं. समजा एक तृतीयांश इंद्रायणीकडे येतं, तर साठ. चौघांचे मिळून पंचाहत्तर. रुपयातले ८० पैसे महापालिकेचे, आठ लोणावळ्याचे, आठ तळेगावचे, चार आळंदीचे. (वडगाव आणि देहू तेव्हा गावंच होती, म्हणून उदाहरणातून वगळली. आकडे आज बरेच वाढले असणार, मी फक्त रीत दाखवतोय.)

ही रीत सोपी आहे, पण न्यायाची नाही. आळंदीत कार्तिकीला लाखो माणसं येतात, लोणावळ्यात पावसाळ्याच्या दर शनिवार-रविवारी गाड्यांना जागा पुरत नाही. जनगणनेत यातला एकही माणूस त्या गावाच्या नावावर नाही. शिवाय जो शुद्ध करून सोडतो आणि जो तसंच सोडतो, दोघांना बिल सारखं! मग केंद्र चालवायचं कशाला? बायपासचा वॉल्व उघडून वीज वाचवलेली बरी.

म्हणून माझं म्हणणं, बिल घाणीच्या वजनावर करा. हे वाटतं तितकं अवघड नाही. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं माप, लिटरमागं मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि गणित असं बसतं की एक एमएलडी पाण्यात एक मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला बरोबर एक किलो. कच्च्या सांडपाण्यात बीओडी साधारण २५० धरा. आळंदीचे तीन एमएलडी तसेच सोडले तर दिवसाला ७५० किलो. शुद्ध करून दहावर आणले तर ३० किलो. आता महापालिकेचे आपण मानलेले साठ घ्या. त्यातले पन्नास नीट शुद्ध होऊन दहावर गेले, तर ५०० किलो. उरलेले दहा कुठल्या तरी नाल्यातून, पत्र्याच्या शेडमागून, जोडणी न झालेल्या सोसायट्यांमधून तसेच आले, तर २५०० किलो. म्हणजे निसटलेलं दहा हे शुद्ध केलेल्या पन्नासाच्या पाचपट! किलोवर बिल लावलं की महापालिकेच्या अभियंत्यांना नवं केंद्र बांधण्यापेक्षा जुने नाले अडवणं स्वस्त पडेल. तेच व्हायला हवं आहे.

मोजायचं कुणी? इथं मी ऑडिटरच्या स्वभावाप्रमाणं कुणावरही विश्वास ठेवत नाही. आपल्याकडे भावांच्या वाटण्या होतात तेव्हा जुनी रीत असते : थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. थोरला आपोआप सरळ वाटे पाडतो. नदीवर तेच करा. लोणावळ्याच्या खालच्या शिवेवरचा नमुना वडगावनं घ्यायचा, तळेगावचा देहूनं, देहूचा निघोज्याला महापालिकेनं आणि महापालिकेचा आळंदीनं. प्रयोगशाळा तिसऱ्याच कुणाची. आकडा त्याच दिवशी दोन्ही कार्यालयांच्या फलकावर.

आणि पैसे आगाऊ. तीन महिन्यांचं बिल प्रत्येकानं स्वतंत्र खात्यात आधीच ठेवायचं, आणि थकलं तर सरकारकडून येणाऱ्या अनुदानातून परस्पर वळतं करायचं. ज्यांनी नगरपरिषदेत डिसेंबरनंतरची तिजोरी पाहिली आहे त्यांना हे का लिहितोय ते समजावून सांगायला नको.

आता मताचं बघू, कारण खरी गाठ तिथं आहे. मी जेव्हा जेव्हा हा विषय काढतो तेव्हा पैशावर फारशी भांडणं होत नाहीत. मतावर होतात.

मोठ्या शहराचा युक्तिवाद सरळ आहे. रुपयातले ८० पैसे आम्ही देणार, तर मतंही शंभरातली ८० आमची. चार पैसे देणाऱ्यानं आमच्या तिजोरीवर हात उचलायचा नाही. ऐकायला रास्त वाटतं. पण मग बैठक कशाला? उरलेली सगळी गावं एका बाजूला झाली तरी वीसच होतात. ते भागीदार नव्हेत, पंचनाम्याला बोलावलेले साक्षीदार झाले.

याहून मोठा घोळ पुढं आहे. आपण बिल घाणीच्या वजनावर ठरवलं. मग मतंही पैशाच्या प्रमाणात दिली तर काय होईल? जो जास्त घाण सोडील त्याचं बिल जास्त आणि म्हणून त्याची मतंही जास्त. ज्यानं मेहनतीनं आपलं पाणी स्वच्छ केलं त्याचं बिल घटलं, म्हणजे सभेतलं वजनही घटलं. नदी बिघडवणाऱ्याला आपण अध्यक्षाची खुर्ची देऊ आणि सुधारणाऱ्याला मागच्या बाकावर बसवू. हे कागदावर मांडून पाहिलं तेव्हा मला स्वतःलाच हसू आलं, कारण इतकी वर्षं मीही ‘पैसा तसं मत’ हेच स्वाभाविक धरून चाललो होतो.

उलट टोकही चालणार नाही. दर संस्थेला एक मत दिलं तर पाच छोटी गावं मिळून एका शहराच्या पैशानं स्वतःच्या घाटाला फरशा बसवतील. आपण एकमेकांना ओळखतो, तेव्हा ‘असं कोण करील’ हे विचारू नका.

पीएमपीएमएलचा अनुभव आपल्या जवळचा आहे. २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी चिंचवडच्या बससेवा एक झाल्या, वाटा ६०-४०. तूटही त्याच प्रमाणात भरायची. तेव्हापासून पिंपरी चिंचवडच्या सभागृहात ‘चाळीस देऊन आम्हाला गाड्या किती’ हा प्रश्न किती वेळा विचारला गेला असेल! त्या तक्रारीत तथ्य किती तो वेगळा मुद्दा. मला त्यातून एवढंच दिसतं की पिंपरी चिंचवडला कमी वाट्याचा भागीदार असणं कसं टोचतं ते आतून माहीत आहे. आळंदीचे चार टक्के समजून घ्यायला आणखी कुणाचा अनुभव कशाला हवा?

आपल्या मातीत या प्रश्नाचं उत्तर आधीच आहे, एकदा नव्हे तर दोनदा. पहिलं सहकारात. १९६० च्या सहकार कायद्यानं एका सभासदाला एकच मत, मग त्याचे शेअर पन्नास असोत की एक. साखर कारखान्यांच्या निवडणुका कशा होतात ते मला कुणी सांगू नये, पण तत्त्व तिथं आहे. दुसरं उदाहरण मला अधिक नेमकं वाटतं. २००५ च्या कायद्यानं पाणी वापर संस्था उभ्या केल्या तेव्हा व्यवस्थापन समितीवर कालव्याच्या शीर्ष, मध्य आणि पुच्छ या तिन्ही भागांना सारखं प्रतिनिधित्व ठेवलं. का? कारण कालव्याच्या तोंडाशी बसलेल्याला पाणी आपोआप मिळतं, शेपटाकडच्याला मिळत नाही. मतं केवळ डोकी मोजून दिली असती, तर ज्याला कमी मिळतं त्याचंच ऐकलं गेलं नसतं. टेलच्या शेतकऱ्याला जे कायद्यानं दिलं, तेच टेलच्या गावाला द्या, एवढीच माझी मागणी आहे. फरक फक्त असा की कालव्यात शेपटाकडे पाणी पोचत नाही, आणि नदीत सगळ्यांचं पोचतं.

बाहेरचं उदाहरण हवंच असेल तर जर्मनीतल्या एम्शर नदीचं आहे. तिथल्या शहरांनी, खाणींनी आणि कारखान्यांनी १८९९ मध्ये बोखुम इथं एकत्र येऊन नदीची सहकारी संस्था काढली. आपल्याकडे सहकाराचा पहिला कायदा व्हायच्या पाच वर्षं आधी. जो जितकी घाण सोडतो त्याची वर्गणी तितकी, आणि सभेतली मतंही वर्गणीनुसार. खाणींमुळं जमीन खचायची, भुयारी गटारं टिकायची नाहीत, म्हणून शंभर वर्षं ती नदी उघडं गटार म्हणूनच वापरली. १९९२ पासून त्यांनी ती पुन्हा नदी करायला घेतली. ५१ किलोमीटरचा भुयारी मैलामार्ग आणि सुमारे साडेपाच अब्ज युरो खर्चून २०२१ अखेर तिच्यातलं सांडपाणी थांबलं. ‘बघा, तिथं मतं पैशावरच आहेत,’ असं कुणी म्हणेल. आहेत. पण तिथं डॉर्टमुंड, एसेन, बोखुम, गेल्झनकिर्शन अशी तोलामोलाची शहरं शेजारी शेजारी आहेत, एकट्याला सगळ्यांवर स्वार होता येत नाही. आपल्याकडे एक हत्ती आणि बाकी शेळ्यामेंढ्या. त्यांच्याकडून वर्गणीची रीत घ्यावी, मताची घेऊ नये.

मग माझा प्रस्ताव काय? संस्थेत सात मतं : महापालिका, लोणावळा, तळेगाव, वडगाव, देहू, आळंदी आणि सातवं डाव्या काठावरच्या ग्रामपंचायतींचं, आळीपाळीनं. मोठा भांडवली खर्च असेल तर दोन कुलपं लावा. ठरावाच्या बाजूनं बिलाचे दोन तृतीयांश भरणारे हवेत आणि सातातली चार मतंही हवीत. म्हणजे महापालिकेच्या मर्जीविरुद्ध तिचा पैसा कुणी खर्च करू शकणार नाही आणि महापालिकाही एकटी काही रेटू शकणार नाही, तिला तीन गावं सोबत घ्यावी लागतील. शहराला यात नकाराधिकार मिळतो हे मला दिसतं. मिळू दे. खिसा ज्याचा मोठा त्याला तेवढी धास्ती असणं मी मान्य करतो. महापालिकेनं आपले नाले अडवले की तिचा हिस्सा घटेल आणि तो अधिकारही आपोआप सैल होईल.

मोजमाप, तपासणी, आकडे जाहीर करणं, थकबाकीदारावर कारवाई या गोष्टींना मात्र पैशाचं कुलूप नको. तिथं सात मतं सारखी, चार झाली की ठराव मंजूर. मापाडी नेमायचा अधिकार मोठ्या गिऱ्हाइकाला दिला की तराजूचं काय होतं ते बाजारात कुणालाही विचारा.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यावर मी अडून बसणार आहे. नवा नाला किंवा केंद्राचं तोंड नदीत कुठं सोडायचं, बंधारा कुठं घालायचा, पाणी कुठून उचलायचं, अशा प्रत्येक निर्णयाला लगेच खालच्या गावाची लेखी संमती. ती देणारं गाव चार पैसे देतं की चाळीस, हे विचारायचं नाही. निघोज्याच्या वर कुणी काही सोडणार असेल तेव्हा हीच अट महापालिकेचं पिण्याचं पाणी वाचवील.

याला दोन-तीन हरकती मी ऐकल्या आहेत. एक म्हणजे, ‘हे सगळं महानगर नियोजन समितीत होऊ शकतं.’ राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनं ती समिती दिली खरी. पण तिच्यातल्या किमान दोन तृतीयांश जागा नगरपालिका आणि पंचायतींमधून त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात भरायच्या असतात, आणि आराखडा अख्ख्या महानगर प्रदेशाचा असतो. तिथं आळंदीचा आवाज पुण्याच्या वाहतूककोंडीखाली दबतो. प्राधिकरणाचे अध्यक्ष स्वतः मुख्यमंत्री. त्यांच्यापुढं इंद्रायणीच्या ब्लोअरची मोटर किती वेळा ठेवणार?

दुसरी हरकत, ग्रामपंचायतींकडे पैसे नाहीत. बरोबर. पण त्यांच्या हद्दीत जे टॉवर उभे राहतात त्यांचं विकास शुल्क प्राधिकरणाकडे जमा होतं. तेव्हा डाव्या काठाचं बिल प्राधिकरणानं भरावं आणि मत ग्रामपंचायतींनी द्यावं. आयुक्त साहेब, हे वाक्य आपल्याला आवडणार नाही. पण शुल्क घेताना गावाला विचारलं नव्हतं, तर मत देताना गावानं आपल्याला का विचारावं?

तळेगाव आणि चाकण पट्ट्यातले कारखाने राहिले. त्यांनी किलोप्रमाणं बिल भरावं आणि सर्वांनी मिळून एक प्रतिनिधी सभेत बसवावा. बोलायला पूर्ण मुभा, मत नाही. एम्शरवर खाणींना मत होतं हे मला ठाऊक आहे. मी देणार नाही. गावाचा कारभारी पाच वर्षांनी लोकांसमोर हात जोडून उभा राहतो, कारखान्याचा व्यवस्थापक राहत नाही.

आमच्या शेपटालाही पुढं शेपूट आहे, तेही लिहायला हवं. तुळापूरला आमचं सगळं भीमेत जातं, भीमा उजनीत, आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं. सोलापूर महापालिकेचा एक माणूस निरीक्षक म्हणून प्रत्येक सभेला बोलवावा. तो काही बोलला नाही तरी चालेल, समोर बसलेला असला की बास.

बरीच वर्षं आपल्या सभागृहांमध्ये निवडून आलेलं कुणी नव्हतं, प्रशासकांनी कारभार पाहिला. तेव्हा निदान ‘अधिकाऱ्यांनी केलं नाही’ असं म्हणायची सोय होती. ती सोय तुमच्याकडे नाही. मी मागतो ते फार नाही. प्रत्येक सभागृहानं पुढच्या सर्वसाधारण सभेत एकाच मजकुराचा ठराव घ्यावा : इंद्रायणीच्या खर्चासाठी संयुक्त संस्था काढण्यास तत्त्वतः मान्यता, आणि बोलणी करायला एक सदस्य आणि एक लेखाधिकारी यांची नेमणूक. लेखाधिकारी मुद्दाम लिहिला. एका संयुक्त बैठकीला मी पूर्वी गेलो होतो. मोठ्या संस्थेकडून नऊ अधिकारी आणि पडद्यावर सादरीकरण, छोट्या नगरपरिषदेकडून एक अभियंता, जो पाणी, रस्ते, दिवे आणि त्या दिवशी अतिक्रमणही बघत होता. त्याचा फोन तीनदा वाजला आणि तिसऱ्या वेळी तो उठून गेला, परत आलाच नाही. मतं त्याच्या गैरहजेरीत ठरली. दोन माणसं पाठवा, म्हणजे एक तरी शेवटपर्यंत बसेल.

पहिली बैठक आळंदीत घ्यावी ही विनंती. कार्तिकीच्या आधीच्या आठवड्यात, सकाळी साडेसहाला, घाटाच्या पायऱ्यांवर. सभागृह नको. चहाची व्यवस्था माझ्याकडे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त लेखापाल, आळंदी

ता. क. : आळंदीच्या नगराध्यक्षांना वेगळं सांगायचं आहे. आपण तीर्थक्षेत्र आहोत, आपल्याला वर्गणी माफ करा, अशी मागणी कृपा करून करू नये. मी ठरावाचा मसुदा वाचायला येणार आहे आणि तसं वाक्य दिसलं तर सभेत उठून विरोध करीन. कार्तिकीच्या दिवसांतले जादा किलो सरकारकडून वेगळे वसूल करता येतील, त्याचा हिशोब मी करून देतो. पण आपल्या वाट्याचे रोजचे चार पैसे आपण वेळेवर भरायचे. पहिला धनादेश आपलाच जाऊ दे.